लाल दिव्याचा हेडलॅम्प आणि रात्रीची नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची भटकंती, आकाशनिरीक्षण, तंबूतला मुक्काम, प्राणी पाहण्यासाठी काळोखात धरलेली बैठक, यांपैकी काहीही करणाऱ्याच्या हेडलॅम्पवर हल्ली पांढऱ्या दिव्याशेजारी एक बारीक लाल एलईडी असतो. तो कशासाठी आहे, कधी लावायचा आणि कधी लावायचा नाही, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

लाल दिवा लावला की अंधारात जास्त दिसतं का?

नाही. लाल दिवा चालू असताना पांढऱ्यापेक्षा कमीच दिसतं. रंग कळत नाहीत, दगड कोणता आणि सावली कोणती यात गोंधळ होतो. त्याचा फायदा दिवा विझवल्यानंतर मिळतो. पांढऱ्या उजेडात पिशवीतून बाटली काढली आणि दिवा बंद केला, तर पुढची कित्येक मिनिटं डोळ्यांपुढे नुसता काळोख राहतो. तेच काम मंद लाल उजेडात उरकलं, तर दिवा मालवताक्षणी वाटेची कड, झाडांचे आकार, आकाशगंगेचा पट्टा सगळं जवळपास पहिल्यासारखं दिसतं.

त्यामुळे रात्रभर दिवा लावूनच चालणार असाल, तर लाल मोडचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

डोळे अंधाराला सरावतात म्हणजे नेमकं काय होतं?

आधी बाहुली रुंदावते. भर उन्हात ती साधारण २ मिलिमीटर असते, अंधारात तरुण डोळ्यांत ती ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. हे काही सेकंदांतच होतं, पण त्यातून आत येणारा प्रकाश जेमतेम बारा-पंधरा पटींनीच वाढतो. बाकीची हजारो पटींची वाढ होते ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, आणि तिला वेळ लागतो.

या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्या उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे कळतात. दंडपेशी ९ ते १२ कोटींच्या घरात. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी क्षीण प्रकाशही त्या टिपतात. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. प्रकाश पडला की ते विघटित होतं, अंधारात पुन्हा तयार होतं. तयार होण्याचा वेग ठरलेला आहे, तो प्रयत्नाने वाढवता येत नाही.

शंकुपेशी पाच ते दहा मिनिटांत सरावतात आणि त्यांच्या मर्यादेला पोहोचतात. दंडपेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. बहुतेक लोक पहिल्या दहा मिनिटांनंतर ‘आता दिसायला लागलं’ म्हणून दुर्बिणीला डोळा लावतात आणि मग अंधूक तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, दिसत नाही म्हणून नाराज होतात. तोवर दंडपेशींचं काम कुठे निम्म्यावर आलेलं असतं.

मग लालच रंग का? निळा किंवा हिरवा का नाही?

दंडपेशी सर्वांत जास्त संवेदनशील असतात ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला. लाल टोकाकडे जावं तशी ही संवेदनशीलता कोसळते. हेडलॅम्पमधल्या नेहमीच्या लाल एलईडीचा प्रकाश ६२० ते ६३० नॅनोमीटरचा असतो; तिथे दंडपेशींची संवेदनशीलता शिखराच्या एक टक्काही उरत नाही. शंकुपेशींना मात्र हा प्रकाश बऱ्यापैकी दिसतो. म्हणजे वाचण्याचं, गाठ मारण्याचं काम शंकुपेशी करतात आणि दंडपेशींना उजेड झाल्याचं जवळपास कळतच नाही. ६६० नॅनोमीटरचा गडद लाल त्यांना आणखीच कमी जाणवतो, पण तो शंकुपेशींनाही कमी दिसतो, म्हणून दिवा वाढवावा लागतो.

दिवस मावळताना लाल फुलं आधी काळवंडतात आणि हिरवी पानं उजळ राहतात, त्यामागेही हाच फरक आहे. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने हे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

याचा व्यवहारात उपयोग पहिल्यांदा रानावनात झाला नाही, दवाखान्यात झाला. क्ष-किरणांची सुरुवातीची चित्रं इतक्या अंधूक पडद्यावर उमटत की ती पाहण्याआधी डॉक्टरांना अंधाऱ्या खोलीत बसून डोळे सरावू द्यावे लागत. १९१६ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग याने त्यांच्यासाठी लाल काचांचा चष्मा सुचवला. तो लावून उजेडात इतर कामं करायची आणि वेळ आली की अंधाऱ्या खोलीत शिरून चष्मा काढायचा. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिकही असेच लाल चष्मे लावून बसत.

लाल आहे म्हटल्यावर कितीही प्रखर असला तरी चालतो ना?

चालत नाही. सर्वांत जास्त घोळ याच समजुतीने होतो.

एक टक्का म्हणजे शून्य नव्हे. लाल दिवा पुरेसा प्रखर केला की त्या एका टक्क्यातूनही दंडपेशींपर्यंत भरपूर प्रकाश पोहोचतो. शिवाय शंकुपेशी तर लाल उजेडाने दिपतातच, आणि बाहुलीही आकसते. अतिशय मंद पांढरा उजेड आणि भगभगीत लाल उजेड यांत निवड करायची वेळ आली, तर मंद पांढरा घ्यावा. रात्रीची नजर राखण्याचं मुख्य काम मंदपणा करतो. लाल रंगामुळे एवढंच होतं की उजेड थोडा जास्त झाला, तरी लगेच नुकसान होत नाही.

हे मान्य व्हायला बराच काळ गेला. पाणबुड्यांत आणि विमानांच्या कॉकपिटमध्ये एके काळी लाल दिव्यांचीच पद्धत होती. पुढे तिथे मंद पांढऱ्या उजेडाकडे कल वळला, कारण लाल उजेडात नकाशांवरचे रंग बुडत आणि डोळे लवकर थकत. उजेड मंद ठेवण्याची शिस्त असेल, तर पांढऱ्यानेही भागतं. बाहेर, थंडीवाऱ्यात, हातमोजे घालून बटणं दाबताना ती शिस्त पाळणं अवघड असतं. म्हणून तिथे लाल दिवा अजूनही सोयीचा.

किती ल्युमेन पुरतात?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप. तळहातावरचा कागद वाचायला एक-दोन ल्युमेनदेखील पुष्कळ होतात. तंबूत सामान आवरायला पाचेक. त्यापुढे जाणारा लाल मोड रात्रीच्या नजरेसाठी फारसा कामाचा नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

आकड्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा घरीच पाहा. अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बसा, दाराच्या फटीतून येणारा उजेड किंवा खिडकीबाहेरची एखादी अंधूक आकृती नजरेत ठेवा. मग लाल दिव्यात एक पानभर मजकूर वाचा आणि दिवा बंद करा. ती आकृती लगेच दिसली तर दिवा योग्य आहे. दिसायला वेळ लागला तर तो जास्त प्रखर आहे. त्यावर कागदी चिकटपट्टीचे एक-दोन थर लावा.

पांढऱ्या टॉर्चवर लाल कागद लावला तर?

कामचलाऊ म्हणून ठीक. पण साध्या लाल जिलेटीन कागदातून नारिंगी, कधी थोडा निळाही प्रकाश झिरपतो. दोन-तीन थर लावावे लागतात. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग मुळात कमी असतो, त्यामुळे बॅटरीतली बरीच ऊर्जा त्या कागदात वाया जाते. लाल एलईडी सरळ हव्या त्या तरंगलांबीचाच प्रकाश देतो. प्रखर टॉर्चला कागद गुंडाळणार असाल, तर तो तापून वितळू शकतो हेही ध्यानात असू द्या.

लाल उजेडात नकाशा वाचता येतो का?

काळी अक्षरं वाचता येतात. लाल, नारिंगी, तपकिरी शाईत छापलेलं मात्र गायब होतं, कारण लाल प्रकाशात लाल शाई आणि पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात. भटक्यांच्या नकाशांवर उंचीच्या समोच्च रेषा बहुधा तपकिरी असतात आणि मोठे रस्ते लाल. म्हणजे नेमका चढ-उतार आणि नेमका रस्ताच दिसेनासा होतो. काही लष्करी नकाशे याच कारणाने लाल उजेडात वाचता येतील अशा शाईत छापले जातात. तुमचा नकाशा तसा नसेल, तर निघण्यापूर्वी एकदा लाल दिव्याखाली धरून पाहा आणि महत्त्वाच्या खुणा काळ्या पेनाने गिरवून घ्या. वाटेवरच्या लाल रंगाच्या खुणांचंही असंच होतं. फिक्या खडकावर रंगवलेला लाल बाण लाल उजेडात ओळखू येत नाही.

यातला सर्वांत गंभीर भाग प्रथमोपचाराचा. लाल उजेडात त्वचेवरचं रक्त ठळक दिसत नाही, घाम की रक्त हे कळत नाही. चेहरा पांढरा पडला आहे की ओठ निळे झाले आहेत, तेही समजत नाही. गोळ्यांचे रंग ओळखता येत नाहीत. कुणाला लागलं असेल, औषध द्यायचं असेल, दोर किंवा हार्नेसची गाठ तपासायची असेल, तर बिनदिक्कत पांढरा दिवा लावा. नजर अर्ध्या तासात परत येते.

चाळिशीनंतर लाल उजेडात अक्षरं धूसर का दिसतात?

डोळ्याचं भिंग वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकत्र आणतं. लाल प्रकाश निळ्या-हिरव्यापेक्षा थोडा मागे, दृष्टिपटलाच्या पलीकडे केंद्रित होतो. तरुण डोळा भिंगाचा आकार बदलून ते सावरून घेतो. वय वाढलं की भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं लाल उजेडात आणखी जवळ धरल्यासारखं अस्पष्ट दिसतं. त्यात उजेड मंद, बाहुली रुंद. म्हणजे आणखी भर. उपाय साधे आहेत: जवळचा चष्मा सोबत ठेवा, मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घ्या, नाहीतर अगदी मंद पिवळसर उजेड वापरा. अंबर रंगाचा दिवा हा या वयात बऱ्यापैकी तडजोडीचा पर्याय आहे.

लाल दिव्यात चालता येईल का?

सपाट, ओळखीच्या वाटेवर, हळूहळू, हो. खडकाळ उतारावर, ओढा ओलांडताना, कड्याच्या कडेने, नाही. लाल मोड बहुधा जवळच्या कामासाठी पसरट उजेड देतो. चार-पाच पावलांपुढे त्याची मजल नसते. उतरताना पाय कुठे पडतो आहे हे आधीच कळायला हवं. तारे नीट दिसावेत म्हणून घोटा मोडून घेण्यात अर्थ नाही. जंगलातल्या पायवाटेवर साप असण्याची शक्यता असेल, तर तिथेही पांढराच दिवा हवा, कारण पालापाचोळ्यावरची नक्षी लाल उजेडात सपाट होऊन जाते.

गटात कुणी चुकून पांढरा दिवा डोळ्यांवर मारला तर?

तो दिसताक्षणी एक डोळा घट्ट मिटा. दोन्ही डोळ्यांची अंधाराशी जुळवणूक स्वतंत्र असते; मिटलेल्या डोळ्याच्या दंडपेशी सुरक्षित राहतात. दिवा गेल्यावर त्याच डोळ्याने वाट पाहा. थोडं चमत्कारिक वाटतं, एका डोळ्यापुढे काळोख आणि दुसऱ्यापुढे रात्र, पण उपयोग होतो.

क्षणभराच्या झोताने सगळी तयारी मातीमोल होत नाही. नुकसान उजेड किती प्रखर आणि किती वेळ पडला यावर ठरतं. झटकन येऊन गेलेल्या झोतानंतर काही मिनिटांत बरंचसं परत मिळतं. मिनिटभर डोळ्यांत पडलेल्या प्रखर दिव्यानंतर मात्र पुन्हा वीस-तीस मिनिटं मोजायची.

ज्यांना हेडलॅम्प घालून बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहण्याची सवय आहे, त्यांना गळ्यात दिवा लटकवायला सांगा. ही सवय दुसऱ्या कशाने जात नाही.

हेडलॅम्प घेताना लाल मोडबद्दल काय पाहावं?

बटणांचा क्रम. बाकी सगळं नंतर. कित्येक दिव्यांत लाल मोडपर्यंत पोहोचायला आधी पांढऱ्यातून जावं लागतं, किंवा लाल बंद करताना मध्येच पांढरा चमकतो. असा दिवा रात्रीच्या नजरेसाठी निरुपयोगी आहे, मग त्यावर ल्युमेनचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. लाल दिव्याला वेगळं बटण हवं, किंवा शेवटी वापरलेला मोड लक्षात ठेवणारी व्यवस्था हवी. हातमोजे घालून ते बटण चाचपून पाहा.

त्यानंतर लाल उजेड कमी-जास्त करता येतो का ते पाहा. पिशवीत दिवा आपोआप लागू नये म्हणून बटणाला कुलूप आहे का, तेही पाहा. लुकलुकणारा लाल मोड संकटात जागा दाखवायला किंवा रस्त्याच्या कडेने चालताना पाठीमागून दिसायला चांगला. नजर राखण्याशी त्याचा संबंध नाही.

मोबाइलचं काय?

हेडलॅम्प कितीही जपून वापरला, तरी घड्याळ पाहायला मोबाइल उघडला की सगळं मुसळ केरात. ‘नाइट मोड’ने स्क्रीन पिवळसर होते, पण निळा-हिरवा प्रकाश बराच शिल्लक असतो. आयफोनच्या सुलभता सेटिंगमध्ये रंगाची छटा पूर्ण लाल करण्याची सोय आहे. अँड्रॉइडसाठी तशी अ‍ॅप्स मिळतात. ताऱ्यांच्या नकाशांच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये लाल रात्र-मोड असतो. तो लावा आणि ब्राइटनेस अगदी तळाला न्या. लॉक स्क्रीन आणि येणारे कॉल मात्र काही अ‍ॅप्सच्या लाल मोडमधून निसटतात, म्हणून फोन उलटा ठेवलेला बरा.

आकाशनिरीक्षणाच्या मैदानावर लाल दिवा लावला की झालं ना?

डोळ्यांनी पाहणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा हो, पण झोत जमिनीकडे हवा. छायाचित्र काढणाऱ्यांसाठी नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकाला लाल प्रकाश छान दिसतो, आणि तेजोमेघांतला हायड्रोजन ज्या ६५६.३ नॅनोमीटरला चमकतो तोही लालच. दहा मिनिटांचं एक्स्पोजर चालू असताना तुमचा लाल दिवा त्या भिंगावरून फिरला, तर चित्र गेलं. कॅमेरे मांडलेले दिसले की आधी विचारा.

आणि अंधूक वस्तू पाहताना तिच्याकडे रोखून पाहू नका. नजरेच्या ऐन मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. त्या सर्वांत दाट असतात मध्यापासून पंधरा-वीस अंशांवर. देवयानी दीर्घिकेकडे (अँड्रोमेडा या दूरच्या तारकाविश्वाकडे) किंचित तिरकं पाहिलं, तर तिचा विस्तार अचानक मोठा झाल्यासारखा वाटतो.

किडे आणि प्राणी लाल उजेडाकडे येत नाहीत, हे खरं का?

किड्यांबाबत बरंचसं खरं. बहुतेक कीटकांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश चांगला दिसतो, लाल फारच कमी. त्यामुळे जेवताना पांढऱ्या दिव्याभोवती जमणारी पाखरं लाल दिव्याभोवती विरळ असतात. डास उजेडापेक्षा श्वास आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतात. त्यांच्यासाठी लाल दिवा काही करत नाही.

सस्तन प्राण्यांना लाल उजेड कमी जाणवतो, पण अजिबात जाणवत नाही असं समजू नका. समुद्री कासवांच्या किनाऱ्यांवर लांब तरंगलांबीचे, अंबर किंवा लाल दिवे सुचवले जातात, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात आणि चुकीचा दिवा त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतो. तिथेही झोत थेट कासवावर टाकायचा नसतोच.

धुक्यात लाल दिवा आरपार जातो का?

नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात. धुक्यात दिवा डोक्याऐवजी कमरेशी, हातात धरा. डोळ्यांसमोर उभी राहणारी पांढरी भिंत लगेच कमी होते.

लाल दिवा कुठे लावूच नये?

रात्री बोटीवर, उघड्या डेकवर, जपून. जहाजांच्या डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा असतो. तुमचा हेडलॅम्प दुसऱ्या नावेला डाव्या बाजूचा दिवा वाटू शकतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या चालकाला लाल दिवा दिसला, तर तो त्याला एखाद्या वाहनाची पाठ समजतो. म्हणून कपाळावर पांढरा आणि पाठीला लाल. कुणी रात्रीत पाहण्याची दुर्बीण वापरत असेल, तर त्या उपकरणाला लाल प्रकाश फार तीव्र दिसतो. तशा विमानांत म्हणूनच निळसर हिरवे दिवे असतात.

गाजर खाल्लं तर रात्री जास्त दिसेल का?

जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, कारण ऱ्होडॉप्सिन त्यापासून बनतं. ते पुरेसं असेल, तर जास्त खाऊन नजर वाढत नाही. ज्याला इतरांपेक्षा रात्री फारच कमी दिसतं, त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

दोन गोष्टींचा मात्र खरोखर फरक पडतो. दिवसभर बर्फावर किंवा वाळूत भर उन्हात वावरलात, तर त्या रात्री डोळे सरावायला उशीर लागतो. दिवसा गॉगल लावणं हीच रात्रीची तयारी. आणि उंचीवर प्राणवायू कमी झाला की रात्रीची नजर आधी मंदावते. वैमानिकांना हे साधारण १,५०० मीटरपासून लक्षात ठेवायला शिकवतात.

पौर्णिमेच्या रात्रीही लाल दिवा हवा का?

क्वचितच. पूर्ण चंद्राचा उजेड एका लक्सच्या (जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप) दशांश-दोन दशांशाएवढा असतो, तर चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री ताऱ्यांचा उजेड त्याच्या शेकडो पटींनी कमी. मोकळ्या माळावर चांदण्यात दिवा न लावता चालता येतं. झाडीत शिरलात की दिवा हाताशी ठेवा.

लाल मोडवर बॅटरी किती पुरते?

मंद दिवा कमी वीज खातो, त्यामुळे पांढऱ्याच्या पूर्ण उजेडापेक्षा लाल मोड कितीतरी जास्त तास चालतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा संच अंगाजवळच्या खिशात ठेवा, पिशवीत नको. आणि सेल बदलायचा सराव एकदा अंधारातच, हाताने चाचपून करा, म्हणजे ऐन वेळी त्यासाठी दुसऱ्याचा पांढरा दिवा मागावा लागणार नाही.